धुऱ्याची माती

धाड,
१७ मार्च १९७४

चि. उत्तम यास,
शेषरावाचे आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. आई गेल्यापासून चार वर्षांत माझं पत्र नाही, तेव्हा हे पाहून तुला वाटेल, आता कोण गेलं? कोणी गेलं नाही. तुझी खामगावची कापसाच्या जिनातली नोकरी बरी चालली असेल. सावलीत बसून पगार, नशीब काढलंस.

दुष्काळाची दोन वर्षं मी पावसाला शिव्या घातल्या. यंदा झाला पाऊस. पण आताचा पाऊस पूर्वीसारखा नाही. महिनाभर दडी मारतो आणि एका दुपारी सगळा ओतून जातो. तरी तुझं खालचं वावर बटईनं करणाऱ्या कचरूनं अकरा पोती ज्वारी काढली. माझ्या वाटणीच्या वरच्या वावरात तीन, तीही बारीक दाण्याची. नांगराला मुरूम लागतो.

परवा कचरूकडे पन्नास गाड्या माती मागितली. तो म्हणाला, "शेषरावभाऊ, तुमचं वावर आमच्या वावरात उतरलं, हे मले दिसते ना. पण मालकाले पुसल्याबिगर टोपलंभर बी देणार नाही. त्याईले पत्र टाका."

म्हणून टाकतो आहे.

वाटणी होऊन तू खामगावला गेलास, त्याच उन्हाळ्यात आबांनी घातलेला आपल्या दोघांच्या वावरांमधला धुऱ्याचा बांध मी गवतासकट नांगरून टाकला. ज्वारीची चार तासं, चार ओळी जास्त पेरता येतील म्हणून. पहिल्याच वळवात माती खाली गेली. आईनं विचारलं, तेव्हा सांगितलं, उत्तमनं फोडला, जाता जाता, वाटणीचा राग काढला.

आई तुझ्याशी का बोलत नाही, हे तू मला तीनदा विचारलंस. मी म्हणालो, म्हातारपण. मरेस्तोवर तिनं तुझं नाव घेतलं नाही. तूही गुमान परत जायचास. एकदा माझी गचांडी धरली असतीस तर मी बोललो असतो. त्याचा मला आजही राग येतो. स्वतःचा येतो, तो वेगळाच.

माती द्यायची की नाही, तू ठरव. दिलीस तर आधी धुरा घालीन, मग पेरीन. मात्र कचरूला होकार लिहिशील, त्यात धुरा कोणी फोडला तेही लिही. त्याला वाचता येत नाही. त्याची पत्रं मास्तर पारावर मोठ्यानं वाचून दाखवतात, गाव ऐकतं. त्या दिवशी मी तिथं बसलेला असेन.

तुझीच माती मागणारा,
तुझा थोरला
शेषराव