आखाड्याला जोड लागते

वस्ताद, आज सकाळी तुमच्या आखाड्याची माती खणली. म्हसावदात आता दुसरं कुणी खणत नाही. ढेकळं फोडली, ताक, हळद, तेल घातलं, पायाने सारखी केली आणि लंगोट कसून मधोमध उभा राहिलो. समोर कोणी नव्हतं. साठी उलटलेल्या माणसाने असं उभं राहावं! तुम्ही असतात तर एक सणसणीत शिवी हासडली असतीत.

सारंगखेड्याच्या यात्रेतली ती कुस्ती मला अजून आठवते. माझ्याहून थोराड पैलवानाला मी चीत केलं, ढोल घुमला, आणि मी धावत येऊन तुमचे पाय धरायला वाकलो. तुम्ही पाय मागे घेतलेत. "जिकना ना? मंग मन्हा पाया काय पडस? पहिले त्यानी पाठ झटक." चारचौघांत असं बोललात, माझा सगळा आनंदच करपला. तरी गेलो. त्याच्या पाठीवरची माती झटकतोय आणि तो अजून धापा टाकतोय, हे माझ्या हाताला कळतंय. संध्याकाळी तुमच्या ओट्यावर बशीत चहा ओतत तुम्ही म्हणालात, "तो उना म्हनीसन तू पैलवान शे. एकला मानूस निस्ती कसरत करस." तेव्हा मी फुरंगटून बसलो होतो, कानावरून जाऊ दिलं. समोरचा आला म्हणूनच आपण पैलवान, हे आता रोज पटतं. माझ्या जोडीचा पैलवान सुरतेला गेला तो तिकडचाच झाला, आणि बायको वारल्यापासून घरातही मी एकटाच असतो.

परवा माझा पुतण्या आला. मातीवर फरशी टाकून जिम करायची म्हणतो. आखाडा तुम्ही माझ्या हवाली केलेला, म्हणून माझा होकार हवा. "काका, कोनाकरता खनी ऱ्हायनात? जिममा पोरे तरी येतीन." खोटं नाही बोलला. शहाद्याची जिम मी पाहून आलोय. पोरं मेहनती आहेत, पण जो तो आरशापुढे उभा. पाडायला कुणी नाही, पडल्यावर हात द्यायला कुणी नाही.

मी नाही म्हणालो. गावाला वाटतं, म्हातारा वस्तादांची विद्या जपतोय. सत्कार करायचंही घाटतंय. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगतो. विद्येचं राहू द्या, वस्ताद. कुणीतरी यावं, मानेत हात घालून मला एकदा घट्ट धरावं, एवढ्यासाठी मी ती माती ठेवली आहे.