काचेवरच्या दोन दीर्घिका

मी, दोन्का ख्रिस्तोवा मिरचेवा, वय त्र्याहत्तर, अविवाहित, वेधशाळेतून निवृत्त, राहणार गोर्ना ब्रेझा, रोडोपी डोंगर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत.

कलम १. राहतं घर आणि बँकेत जे काही असेल ते माझा भाचा प्लामेन याला मिळावं. तो घर विकणार, हे मी जाणून आहे. खुशाल विकावं. फक्त अंगणातलं आलुबुखाराचं झाड तोडणाऱ्याला विकू नये.

कलम २. तांब्याचं मोठं पातेलं किराणा दुकानवाल्या फात्मेला द्यावं. बर्फ पडलं की ती पाव घेऊन वर येते आणि दारातूनच ओरडते, "दोन्काबाई, आहात ना अजून?" माझी एवढी चौकशी करणारं दुसरं कोणी नाही.

कलम ३. मेंढीच्या कातड्याचा कोट वेधशाळेला द्यावा. घुमट उघडा ठेवून आम्ही त्यात काकडत बसायचो. हल्लीची मुलं उबेत, पडद्यासमोर बसतात. त्यांना कोट नको असेल तर मांजराला घालावा.

कलम ४. खिडकीशेजारच्या कपाटात लोकरीत गुंडाळलेली काचेची प्लेट आहे. सप्तर्षींच्या शेपटाशी असलेली चक्राकार दीर्घिका आणि तिच्या हाताच्या टोकाशी तिची लहान सोबतीण, असा तो फोटो आहे. काचेवर आकाश पांढरं आणि तारे काळे दिसतात. मी आणि वेधशाळेतला माझा सहकारी मेतोदी ग्रोझ्देव यांनी तो मिळून घेतला. तो दुर्बिणीला डोळा लावून होता, मी त्याला जागं ठेवायला गात होते. माझा आवाज वाईट आहे, म्हणूनच तो जागा राहिला.

लहान दीर्घिका मोठीच्या जवळून गेली, तिच्या ओढीने मोठीचा हात लांबला, इथवर आमचं एकमत होतं. पुढे मेतोदी म्हणायचा, "ती आता निघाली. जाणारा थांबत नसतो." मी म्हणायचे, "दमली की परत येईल, आणि मग दोघी एक होतील." कोण बरोबर हे कळायला कोट्यवधी वर्षं लागतील, तरी आम्ही हातघाईवर यायचो. मग तो सोफियाला गेला, तिथेच लग्न केलं. बायको वारल्यावर गावात परतला, माझ्या शेजारचंच घर घेतलं, आणि पहिली गोष्ट काय केली, तर अंगणात भलामोठा दिवा लावला. माझं आकाश गेलं. मी कुंपणावरून बोलले ते बोलले. तेव्हापासून बोलणं बंद आहे. तो दिवा मी अजून माफ केलेला नाही.

कलम ५. माणूस गेलं की आपल्याकडे दारावर, खांबावर, पिठाच्या गिरणीवर फोटोसह कागद लागतो, आणि खाली ‘शोकाकुल’ म्हणून नावं असतात. आईच्या कागदावर माझं नाव होतं. म्हाताऱ्या मेंढपाळाच्या कागदावर नुसतं ‘गावकरी’ छापलं होतं. गावकरी म्हणजे कोणीच नाही. त्या कागदासमोर उभी राहून मी रडले, आणि ते मेंढपाळासाठी नव्हतं. म्हणून माझी अट अशी: माझ्या कागदावर वरच्या प्लेटचा फोटो छापावा आणि खाली मेतोदीने आपलं नाव घालावं. तसं केल्यास प्लेट त्याची.

कलम ६ (आजच, नोटरीबाईंसमोर वाढवलेलं). पोस्टमन साक्षीला येणार होता. घाटात बर्फ पडल्याने आला नाही. फात्मे कोणाला न विचारता शेजारी गेली आणि मेतोदीला घेऊन आली. नोटरीबाईंनी सगळी कलमं मोठ्याने वाचली. मी चुलीकडे बघत बसले.

प्लेटवरचं वेटोळं बघून फात्मे म्हणाली, "माणसाच्या फोटोच्या जागी हे? लोक म्हणतील, बाई गोगलगाय होती."

नोटरीबाई म्हणाल्या, "ग्रोझ्देव, ज्याला काही मिळणार, तो साक्षीदार चालत नाही. सही केलीत तर प्लेट गेली. विचार करा."

"गेली तर गेली," मेतोदी म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "आणि दिवा तुझ्यासाठी लावला होता, खुळे. अंधारात पायऱ्यांवर पडली असतीस. एवढी वर्षं विचारशील म्हणून वाट बघितली."

"तू सांगायचंस!"

"तू बोलू देशील तर ना! आणि ऐक, तुझ्या कागदावर नाव घालायला मला लाच लागत नाही."

फात्मेने पाव कापायला घेतला.

सबब कलम ५ मधलं प्लेटचं दान आणि त्याची अट रद्द. फात्मेही साक्षीदार, म्हणून कलम २ही रद्द; पातेलं मी आजच तिच्या हातात दिलं. प्लेट वेधशाळेला जावी. कागदावरच्या नावाबद्दल मी आता काही लिहीत नाही.

ठिकाण: गोर्ना ब्रेझा. दिनांक: ९ मार्च २०१९.

सही: दोन्का ख्रिस्तोवा मिरचेवा

साक्षीदार १: फात्मे चाउशेवा, किराणा दुकान.

साक्षीदार २: मेतोदी ग्रोझ्देव, शेजारी. लहान दीर्घिका परत येईल, हे मला अजूनही मान्य नाही. बाकी सर्व मान्य.