बोहनी कोणाच्या हातची?

मंगळवार, संध्याकाळ

दुकानदाराच्या मोबाईलवर कार्डाने पैसे घेणारं आमचं ॲप आज पास झालं की नापास, मलाच कळत नाहीये. सकाळी जरीपटक्यात कुसुममावशींच्या बांगड्यांच्या दुकानात पहिल्या गिऱ्हाइकाने त्यांच्या मोबाईलला कार्ड टेकवलं. हिरवी खूण आली, मी खूश! मावशी मात्र दिवसाच्या पहिल्या विक्रीची नोट घ्यायला हात पुढे करून तशाच उभ्या.

"बोहनी झाली न वं? मंग कपाळाले काय लावू?"

मी हिरवी खूण दाखवली. त्यांनी मोबाईलच कपाळाला लावला.

"पण बोहनी कोणाच्या हातची? त्या बाईच्या का तुह्या ॲपच्या?"

याचं उत्तर माझ्या एकाही स्क्रीनवर नाही.

आत्ता त्यांचा फोन आला. "मस्त धंदा झाला वं! तुह्याच हाताले गुण आहे. उद्या बोहनीले तूच ये."

म्हणजे रोज सकाळी प्रत्येक दुकानात मीच जायचं? मग ॲप कशाला बनवलं?