न पटणारा माणूस

प्रिय ताई,

परवा फोनवर तू विचारलंस, आज आवाज इतका खुशीत कसा? मी विषय टाळला. तुझ्या दवाखान्यातल्या खुर्चीत कुणीतरी तोंड उघडून बसलं होतं, आणि मला सगळं सलग सांगायचं होतं. म्हणून हे पत्र. हसू नकोस.

आमच्या राज्यशास्त्र विभागात प्राध्यापकाची एक जागा भरायची होती. निवड समितीत आम्ही चौघं. विभागप्रमुखांना विद्यार्थी ‘समतोल सर’ म्हणतात, कारण तो शब्द आल्याशिवाय त्यांचं वाक्य संपत नाही. पहिल्या फेरीत अर्जदारांची नावं झाकायची, ही कल्पना त्यांचीच. शहरात पाणी कुठल्या भागाला मिळतं आणि मतं कुणाला पडतात, यावरचा एक प्रबंध सगळ्यांत उजवा ठरला. त्याचं शेवटचं प्रकरण मला अजिबात पटलं नव्हतं, तसं मी बैठकीत बोललोही, पण काम इतकं चोख की मी तो पुन्हा वाचला. समतोल सर तर म्हणाले, असं लिखाण कित्येक वर्षांत हाती आलं नाही. मग नावं उघडली. समितीतल्या बाईंनी मोबाइलवर शोधाशोध केली आणि एक फोटो निघाला. प्रचाराच्या गाडीवर उभी असलेली मुलगी, हातात झेंडा. तुझ्या पक्षाचा. तोच, ज्याचं कौतुक तू पेशंटच्या तोंडात औजारं असताना ऐकवतेस, म्हणजे बिचाऱ्याला उलटून बोलता येत नाही.

चहा येईपर्यंत तोच प्रबंध उथळ झाला होता. ही मुलगी आपल्या वातावरणात रमणार नाही, अशी तिचीच काळजी सुरू झाली. दुसऱ्या क्रमांकाच्या मुलानेही प्रचार केला होता, पण आमच्या बाजूचा. त्याला सामाजिक बांधिलकी म्हणायचं ठरलं. बाहेर भिंतीवर आमच्याच परिसंवादाचं पोस्टर होतं, विषय ‘मतभेदांचा आदर’. बाई म्हणाल्या, त्या पक्षाला मत देणारी माणसं मुळात विचारच करत नाहीत.

तेव्हा मला आपलं जेवणाचं टेबल आठवलं. निवडणुका आल्या की तू आणि बाबा हातातला घास तसाच धरून भांडायचात, आणि मी मधे बसून दोघांच्या ताटातलं पळवायचो. भांडण कधी मिटलं नाही. पण सकाळी तुझी सायकल पुसून ठेवलेली असायची, आणि ती बाबांनीच पुसलेली असायची. विचार न करणारी माणसं म्हणे.

मी म्हणालो, माझी सख्खी बहीण त्याच पक्षाचं काम करते. मग समतोल सर हळुवारपणे म्हणाले, “असतं हो, कुणाकुणाच्या घरी.” जणू तुला काहीतरी दुखणं जडलंय. मी त्यांना फोटोआधीचे त्यांचेच शब्द ऐकवले आणि ते इतिवृत्तात लिहायला लावले. माझं मत विरोधात नोंदवलं. जागा अर्थातच दुसऱ्याला गेली. त्यानंतर मी स्टाफरूममध्ये आलो की बोलणी हवापाण्यावर यायची. एका जुन्या मित्राने तर मला बाजूला घेऊन विचारलं, “तू हल्ली तिकडचा झालास का रे?” मी इकडचाच आहे, ताई. तुझं मत मला आजही साफ चुकीचं वाटतं.

बैठकीतली ही हकिगत त्या मुलीच्या कानावर कशी गेली कोण जाणे. ती एक दिवस भेटायला आली. वाटलं, आभार मानेल. तिने बसताबसताच विचारलं, “शेवटचं प्रकरण का पटलं नाही?” दुपारभर आम्ही वाद घातला. शिपायाने दोनदा डोकावून पाहिलं, मारामारी तर नाही ना. माझा एक मुद्दा तिने असा खोडला की मी त्या रात्री शीळ घालत घरी गेलो. कितीतरी दिवसांत मला कुणी खोडून काढलं नव्हतं. आमच्याकडे सगळे एकमेकांना माना डोलावत बसतात.

आता पत्राचं खरं कारण. तुमच्या गावात जे नवं कॉलेज निघालंय, तिथे विभाग उभा करायचं काम त्या मुलीला मिळालंय. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. म्हणाली, “सर, मुलांना नुसती माझीच बाजू ऐकू यायला नको. मला न पटणारा माणूस हवाय, आणि तुमच्याइतका न पटणारा मला दुसरा कुणी भेटला नाही.” मी लगेच हो म्हटलं. राजीनामा दिलाय. समतोल सरांनी निरोपाचं भाषणही केलं, छान होतं. तेव्हा तुझ्या दवाखान्यावरची खोली भाड्याने देऊ नकोस, महिनाअखेरीस मी सामान घेऊन येतोय. पुढच्या वर्षी निवडणुका आहेत, आणि जेवायला आपण दोघंच असणार, बाबांच्या जागी मी.

तुझाच,
धाकटा