आमच्या फ्लॅटचं अर्थिंग

३ जून २००७, रविवार
वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात, असं क्षमा आठवडाभर सांगतेय. आज मीही लावून पाहिला. येतात. तिचं म्हणणं, इलेक्ट्रिशियनला बोलवू. साफ नाही म्हटलं. चेन्नईला बदली झाली म्हणून माझी अक्कल काही पुण्यात राहिलेली नाही. शिवाय बँकेने मला आमच्या मजल्याचा फायर वॉर्डन नेमलंय. दिवसभराचं ट्रेनिंग झालं, जेवणासकट. त्यात अर्थिंगवर अख्खी एक स्लाइड होती.

थिअरी सोपी आहे. मशीनच्या पत्र्यात करंट झिरपतो. त्याला जमिनीत जायला वाट हवी. नसली तर तो क्षमातून जातो. वाट मी करून देणार.

४ जून
ऑफिसातून येताना वायर, क्लॅम्प आणि टेस्टर घेतला. दुकानदार तमिळमध्ये फार कळकळीने काहीतरी सांगत होता. वॉरंटीबद्दल असावं.

५ जून, सकाळी
काम फत्ते. मशीनच्या पत्र्यापासून वायर काढली आणि बाथरूममधल्या नळाच्या लोखंडी पाइपला आवळून टाकली. क्षमा म्हणाली, पाइप तर वर गच्चीतल्या टाकीकडे जातो, जमिनीत कुठे जातो? म्हटलं, टाकी इमारतीवर आहे आणि इमारत जमिनीवर आहे. ती स्वयंपाकघरात निघून गेली. पटलं असावं.

झिणझिण्या बंद. चपला काढून बघ, असं क्षमा म्हणत होती, पण उशीर झाला होता.

७ जून
खालच्या घरातून तक्रार. खाली आमचे घरमालक राघोत्तमराव आणि त्यांच्या आई राजसबाई राहतात. तंजावरकडची मराठी माणसं. पिढ्यान्‌पिढ्या इकडेच, पण मराठी सोडलेली नाही. वेलचेरीत आम्हाला फ्लॅट मिळाला तो केवळ ‘आपली माणसं’ म्हणून. आज पहाटे आजींना नळाचा शॉक बसला. वरच्या मजल्यावरच्या शरण्यालाही बसला म्हणे.

जुनं वायरिंग, दुसरं काय! वाईट वाटलं.

कुतूहल म्हणून आमच्या नळाला टेस्टर लावला. पेटला. म्हणजे टेस्टर खराब. दुकानदार बहुतेक तेच सांगत होता.

८ जून
राघोत्तमराव स्वतः वर आले. इमारतीत विजेबद्दल बोलणारा मी एकटाच, तेव्हा मीच यात लक्ष घालावं अशी त्यांनी विनंती केली. बरं वाटलं. पुण्यात कुणी विचारत नव्हतं.

उपाय लगेच दिला. सगळ्यांनी रबरी चपला घालूनच नळाला हात लावावा. सगळ्यांनी ऐकलं, आजी सोडून. आजींचं कडक सोवळं. इकडे त्याला मडी म्हणतात. आपलं पाणी आपणच काढायचं, अंघोळ करून ओलेत्याने थेट देवापुढे. त्यात रबरी चप्पल कशी चालणार? आणि अंघोळ नाही तर पूजा नाही, पूजा नाही तर जेवण नाही. नळाला हात लावायची हिंमत होत नाही म्हणून कालपासून आजी उपाशी आहेत.

यावर विचार करायला हवा. करतो.

९ जून
सुचवलं, आजींनी लाकडी पाटावर उभं राहून नळ सोडावा. लाकूड वीज जाऊ देत नाही. आजी माझ्यावर विश्वास ठेवून पाटावर उभ्या राहिल्या. पाट ओला होता. स्लाइडवर ओल्या पाटाचा उल्लेख नव्हता.

आजही जेवल्या नाहीत. क्षमा खाली त्यांच्याजवळ बसून आली. आल्यावर विचारलं, तू वायर जोडलीस त्यानंतरच हे सुरू झालं ना? म्हटलं, त्यानंतर आंबेही स्वस्त झालेत. हे तिला आवडलं नाही.

१० जून, रविवार
भीती ही मनात असते. म्हणून आज आजींच्या न्हाणीघरात, सगळ्यांसमोर, अनवाणी, ओल्या हाताने मी स्वतः नळ धरून दाखवला.

पुढचं नीटसं आठवत नाही. बादली उलटली ती माझ्यामुळे. मी भिंतीशी बसलेला होतो आणि शरण्या मोठ्याने कुठल्या तरी देवाचं नाव घेत होती.

तेवढ्यात क्षमाने जिन्यातून हाक मारली. आता टेस्टर लावा, म्हणाली. राघोत्तमरावांनी लावला. पेटला नाही. मग म्हणाली, आता पुन्हा लावा. पेटला. ती वर जाऊन आमच्या मशीनचा प्लग काढत-घालत होती. मग खाली येऊन तिने सगळ्यांना वायरबद्दल सांगितलं. नको होतं सांगायला. निदान शरण्यासमोर.

राघोत्तमराव एवढंच म्हणाले, की घराचं काय ते उद्या बोलू. म्हणजे सामान बांधायचं. जूनमध्ये, चेन्नईत.

वर आल्यावर क्षमा म्हणाली, ‘‘आजी तीन दिवस उपाशी होत्या, रत्नाकर.’’

आजींना भेटावं असं वाटलं, पण कुठल्या तोंडाने जाणार?

तरी थिअरी बरोबरच होती. करंटला वाट मिळालीच. ती आजींकडे जात होती, एवढंच.

११ जून
व्यंकट नावाचा इलेक्ट्रिशियन आला. माझी वायर उपटून फेकली. मागच्या अंगणात खोल खड्डा, त्यात मीठ, कोळसा, पाइप. तिथून प्रत्येक घरात अर्थची वायर. मी सुपरव्हिजनला थांबणार होतो. क्षमाने डबा हातात देऊन ऑफिसला पाठवलं.

आजींनी अंघोळ केली, पूजा केली आणि पोटभर जेवल्या. क्षमाला बसवून वाढलंही.

संध्याकाळी राघोत्तमराव आले. मी उठून उभा राहिलो. ते क्षमाशी बोलले.

‘‘घर तुमचंच समजा, क्षमाबाई. ह्यांनाही राहूं द्या. पण बटणांपलीकडे कशाला हात लावूं देऊं नका.’’

क्षमा हो म्हणाली. एका शब्दाने माझी बाजू घेतली नाही.

१३ जून, संध्याकाळी
हॉलचा बल्ब गेला. नवा कपाटात आहे. क्षमा बाजारात गेलीय. शब्द म्हणजे शब्द, म्हणून खाली जाऊन राघोत्तमरावांना विचारलं, बल्ब बदलू का? त्यांनी निर्णय स्वतः घेतला नाही. आत आजींना विचारायला गेले. दार उघडंच होतं, त्यामुळे आजींचं उत्तर मला ऐकू आलं.

‘‘नको म्हणून सांग. अंधारात बसूं दे.’’

बसलोय.