कलमाला लावलेलं बोट

मार्गशीर्ष शुद्ध २, फसली १३२१. सिरसाळा.
आलो एकदाचा! चौसाळ्याहून दोन दिवस बैलगाडीत हाडं खिळखिळी झाली, पण गाव लई झकास. पेठेत बसायला ओटा मिळाला, वर निंबाची सावली. इथं कागद लिहिणारा मी एकटाच, म्हणजे उत्तरेश्वर मुनशीचं राज्य! रीत सगळीकडचीच: ज्याला लिहिता येत नाही त्यानं माझ्या कलमाला बोट लावायचं, मग मी निशाणी काढायची. शेतकऱ्याची नांगर, बाईची बांगडी.

शुद्ध ७
भिवराबाई नावाची म्हातारी विधवा ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा घेऊन आली. विहिरीचं रान लेकीला, रतनबाईला मिळावं अशी वसीयत करायचीय. लेक नवऱ्यानं टाकलेली, म्हातारीचं सगळं तीच करते. पुतण्या बंकटराव रान गिळायला टपलाय म्हणाली. कागद लिहिला, वाचून दाखवला. साक्षीदार आले नव्हते, म्हणून बोट लावणं उद्यावर ठेवलं. जाताना म्हणाली, बाबा, उद्या चुकवू नको, माजा भरवसा न्हाई.

शुद्ध ८
सकाळीच बंकटराव हजर. म्हणाले, मुनशीजी, चार दिवस दम धरा, पेठेतलं घर तुमच्या नावे करतो. मी म्हातारीला धाडला निरोप, की अंगात ताप आहे. चार दिवसांत काय आभाळ कोसळतंय?

शुद्ध ११
म्हातारी गेली. बंकटरावांनी मला तिच्या घरी बोलावून नेलं. बंकटरावांनी रतनबाईला पाणी तापवायला परसात पिटाळलं आणि दार लावलं. नवा कागद मी लिहून तयारच ठेवला होता, रान बंकटरावांना. मी प्रेताचं बोट उचलून कलमाला लावलं, बांगडी काढली. बोट फार गार होतं. साक्षीदार बंकटरावांचेच. आपण लिहिणारे, आपल्याला काय करायचंय!

वद्य १
घर मिळालं. रतनबाई ओट्यासमोर येऊन बसली. भांडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, की आईचं बोट जितेपणी लागलं का मेल्यावर, तुमालाच ठाऊक. मी खेकसलो तिच्यावर. माझ्या उजव्या हाताचं बोट सकाळपासून गार पडलंय. शेकलं, तरी तसंच.

वद्य ४
अख्खा पंजा गार. वैद्य म्हणतो वात. कसला डोंबलाचा वात! नखं निळी पडलीत. कुणाचाही कागद असो, खाली बांगडीच निघते. एका शेतकऱ्यानं नांगराच्या जागी बांगडी बघितली आणि कागद माझ्या तोंडावर फेकला.

वद्य ५
बंकटराव मेले. त्याच विहिरीवर, भर दुपारी. उन्हात पडलेले, तरी अंग बर्फ. बोटाला शाई — त्यांना तर लिहिता येत नव्हतं —

वद्य ६
डाव्या हातानं लिहितोय. उजवा कोपरापर्यंत मेलाय. रतनबाईला कबुली लिहून देतो. रान तुझंच, हे घरही घे बाई — साक्षीदार बोलावलेत — सही केली की सोडेल म्हातारी मला. सोडेलच —

वद्य ६, दुपार
कबुली लिहून झाली. साक्षीदार दारात. सहीला कलम उचललं तर — समोर म्हातारी. शेंगा सोलत बसलीय.
मी म्हणालो, करतो सही, आत्ता करतो, जितेपणी —
म्हणते, न्हाई. माजं बोट का म्हून मेल्यावर घेतलंस? तू बी आदी मर. मग बोट लावू.
खांदा गेला — छातीत गार — रतनबाई, कागद इथंच आहे, उशीखा