विम्यात न बसणारी आईची लस

गुरुवार, संध्याकाळ. खैतान, कुवेत.

दंड अजून ठणकतोय. बरं वाटतंय त्याचं. का, कोण जाणे.

आईला दमा, त्यात सत्तरी उलटलेली. इथले डॉक्टर म्हणाले, फ्लूची लस घ्याच. विमा कंपनीला फोन केला, तर तिथली बाई गोड आवाजात म्हणते, "आजारी पडल्या तर कव्हर आहे मॅडम, पडू नयेत म्हणून नाही." डोकंच फिरलं माझं. आईला मात्र निमित्त मिळालं. "विम्यात बसत नाही ना? मग राहू दे. उगाच तुमच्यावर भार."

आणि हीच आई गावच्या उपकेंद्रात जन्मभर नर्स होती! अख्ख्या गावाला हिनं टोचलं. बायका घाबरून मागे सरल्या की सगळ्यांसमोर आधी मला पुढे करायची. मी रडत नाही हे बघून त्या आपापली पोरं आणायच्या.

आज तिला क्लिनिकमध्ये नेऊन मी तेच केलं. बाही वर सारली आणि सिस्टरला म्हटलं, आधी मला. आई बघत राहिली. मग शेजारच्या खुर्चीत बसून तिनंही दंड पुढे केला.

येताना टॅक्सीत माझ्या दंडावरचा कापसाचा बोळा तिनं बोटानं दाबून धरला होता. रक्त केव्हाच थांबलं होतं, तरी सोडेना. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तू कधी रडायची नाहीस गं. मी घरी येऊन रडायचे."